गाठीतल्या रक्तवाहिन्या मोजून रुग्णाचं पुढचं सांगता येतं का?

जुना_स्लाइडवाला

गेल्या आठवड्यात आमच्या नात्यातल्या एकांचा मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतरचा रिपोर्ट फिरत फिरत माझ्या फोनवर आला. खाली त्यांच्या मुलाचा प्रश्न: "यात रक्तवाहिन्यांचं काहीतरी लिहिलंय. गाठीत रक्तवाहिन्या जास्त असल्या की कॅन्सर पसरतो असं वाचलं. म्हणजे पसरलाय का?" रिपोर्टात शब्द होते 'लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन', म्हणजे गाठीच्या पेशी लसिकावाहिनीत किंवा रक्तवाहिनीत शिरणं. त्यानं वाचलं होतं ते अँजिओजेनेसिसबद्दल. दोन्हीकडे रक्तवाहिनी आहे एवढंच साम्य. अर्धा तास फोनवर समजावलं, फोन ठेवल्यावर वाटलं की हे एकदा लिहूनच काढावं.

आधी अँजिओजेनेसिस. म्हणजे असलेल्या रक्तवाहिन्यांना नवे फुटवे येणं. ऑक्सिजन केशवाहिनीतून बाहेर पडून शंभर-दोनशे मायक्रॉनपर्यंतच पोचतो, त्यापलीकडच्या पेशी उपाशी. म्हणून कुठलीही गाठ एक-दोन मिलिमीटरची झाली की अडते. अडलेल्या पेशींमध्ये ऑक्सिजन कमी पडल्याचा इशारा देणारं एचआयएफ नावाचं प्रथिन साचतं, त्यातून व्हीईजीएफ नावाचं दुसरं प्रथिन तयार होतं, आणि ते शेजारच्या रक्तवाहिनीला फुटवे काढायला लावतं. (ऑक्सिजनचा हा इशारा उलगडला म्हणून २०१९चं वैद्यकातलं नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना मिळालं.)

गाठीला नव्या वाहिन्या लागतात आणि त्या अडवल्या तर गाठ अडेल, हे १९७१मध्ये ठामपणे मांडलं ज्युडा फोकमन यांनी. माणूस पेशानं सर्जन. त्यांच्या प्रयोगशाळेतला सशाच्या डोळ्याचा प्रयोग मला फार आवडतो. डोळ्यातल्या पाण्यात गाठीचा तुकडा तरंगत ठेवला तर तो जगतो, पण इवलासाच राहतो. तोच तुकडा रक्तवाहिन्या असलेल्या बुबुळाच्या पडद्याला टेकवला की तिथून वाहिन्या येतात आणि गाठ भराभर वाढते. पेशी त्याच, डोळाही तोच. बरीच वर्षं लोकांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही.

मग १९९१मध्ये वाइडनर आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगात वाहिन्या मोजल्या आणि सांगितलं की दाटी जास्त तिथे मेटास्टॅसिस (रोग शरीरात दुसरीकडे पसरणं) जास्त. झालं! पुढची दहा-पंधरा वर्षं जगभरच्या पॅथॉलॉजी विभागांनी दिसेल त्या अवयवातल्या वाहिन्या मोजल्या. मोठं आतडं आणि गुदाशय त्यात आघाडीवर, कारण गाठी भरपूर आणि पूर्ण काढलेला नमुना हाताशी. माझाही एमडीचा प्रबंध त्यातलाच.

प्रत्यक्षात करायचं काय, तर चार मायक्रॉनचा काप घ्यायचा, वाहिन्यांच्या अस्तराला चिकटणारी सीडी३४ नावाची अँटिबॉडी लावायची. वाहिन्या तपकिरी होतात, बाकी सगळं निळसर. कमी पॉवरवर सगळी स्लाइड फिरवून सर्वांत दाट जागा शोधायची, तिला 'हॉट स्पॉट' म्हणतात. मग दोनशे पटींवर जाऊन तपकिरी ठिपके मोजायचे. पोकळी दिसायला हवी असं नाही, एकटी तपकिरी पेशी वेगळी दिसली तर तीही एक वाहिनी. हाच आकडा म्हणजे मायक्रोव्हेसल डेन्सिटी, एमव्हीडी.

आता गंमत. मी आणि माझ्या गाइड सरांनी एकच स्लाइड वेगवेगळी मोजली तेव्हा माझा आकडा त्यांच्या जवळजवळ दुप्पट आला. मी घाबरून परत मोजलं, तर माझाच आकडा बदलला! मी हॉट स्पॉट धरला होता गाठीच्या पृष्ठभागाजवळ, जिथे व्रण होता आणि सूज होती. तिथे वाहिन्या दाट असणारच, जखम भरतानाही वाहिन्या फुटतातच की. सरांनी धरला होता गाठ जिथे आत घुसत होती त्या कडेला. नंतर आम्ही दोघांना एकाच वेळी बघता येणाऱ्या मायक्रोस्कोपवर समोरासमोर बसून जागा ठरवल्या आणि आकडे जुळायला लागले. प्रबंधात लिहिलं, 'दोन निरीक्षकांमध्ये चांगली सहमती.' खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं.

तर माझं मत: वाहिन्यांची दाटी गाठीच्या स्वभावाबद्दल खरं काहीतरी सांगते, पण ते एका रुग्णापुढे बसून वापरता येण्याजोगं नाही. रिपोर्टात जे असतं ते वेगळंच असतं आणि जास्त कामाचं असतं. बाकी प्रतिसादांत.

रानपाखरू

वाचतेय. सशाचा डोळा भारीच. पण "सगळं खरंही नव्हतं" हे कबूल करायला किती वर्षं लागली? :)

जुना_स्लाइडवाला

@रानपाखरू, निवृत्त होईपर्यंत.

संख्याप्रेमी

चांगला धागा. आकडेवारीच्या बाजूनं थोडं लिहितो. जाणकारांनी चुकलं तिथे कान धरावा.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरचे असे बरेच अभ्यास एकत्र करून २००६मध्ये एक मेटा-अॅनालिसिस आलं. निष्कर्ष असा की दाटी जास्त असलेल्या गटात रोग परतण्याचा धोका जास्त आणि आयुष्य कमी. व्हीईजीएफ जास्त दिसणाऱ्या गाठींचंही तसंच. म्हणजे संबंध आहे, आणि स्लाइडवाल्यांचा प्रबंध अगदीच वाया गेला नाही.

पण "जास्त" म्हणजे किती? कोणी सरासरी घेतली, कोणी मधला आकडा घेऊन रुग्णांचे दोन सारखे ढीग केले, आणि कोणी आकडे हातात आल्यावर जिथे फरक सर्वांत ठळक दिसतो तिथे रेघ मारली. हा शेवटचा प्रकार म्हणजे आधी बाण मारून मग त्याभोवती गोल काढणं. शिवाय 'काही फरक सापडला नाही' असे छोटे अभ्यास छापून येत नाहीत, तेव्हा जोडून काढलेला आकडा फुगलेलाच असणार.

आणि सगळं नीट केलं तरी एक अडचण राहतेच. पुरुषांची सरासरी उंची बायकांपेक्षा जास्त आहे, याबद्दल वाद नाही. पण मी तुम्हाला 'उंची १६५ सेंटिमीटर' एवढंच सांगितलं तर ती व्यक्ती पुरुष की बाई हे तुम्ही पैजेवर सांगाल का? एमव्हीडीचं तेच आहे. दोन गटांच्या सरासरीत फरक आहे, पण गट एकमेकांवर एवढे चढलेले आहेत की एकट्या रुग्णाचा आकडा हातात घेऊन काही बोलता येत नाही.

आडवाट

मग डॉक्टर लोक हे मोजत का बसले इतकी वर्षं? प्रबंध पाडायला?

जुना_स्लाइडवाला

@आडवाट, थोडं तेही आहे, नाकारत नाही. पण प्रश्न रास्त होता. स्टेज दोनच्या रुग्णांपैकी कोणाला केमो द्यायची हा आजही डोकेदुखीचा विषय आहे. लिम्फ नोड (लसिकाग्रंथी) स्वच्छ, गाठ पूर्ण काढलेली, तरी काहींचा रोग परततो. ते कोण हे आधी कळलं तर हवंच आहे. वाहिन्यांकडून ती आशा होती. आज त्या निर्णयासाठी जे बघतात त्यात गाठ आतड्याच्या बाहेरच्या आवरणापार गेली का, आतडं फुटलं किंवा तुंबलं होतं का, बारापेक्षा कमी नोड तपासले गेले का, पेशी किती बिघडलेल्या आहेत, मज्जातंतूंत आणि वाहिन्यांत शिरकाव आहे का, एमएसआय (गाठीच्या पेशींत डीएनएची दुरुस्ती बिघडल्याची खूण) आहे का, हे येतं. एमव्हीडी त्या यादीत शिरली नाही.

अँटिबॉडीचा घोळही सांगायचा राहिला. जुन्या अभ्यासांत फॅक्टर आठ वापरायचे, ती काही बारीक वाहिन्या सोडून देते. सीडी३१ दाह असला की इतर पेशींनाही रंगवते. सीडी३४ आधार-ऊतीतल्या पेशींनाही लागते. सीडी१०५ मुख्यतः नव्यानं वाढणाऱ्या वाहिन्यांना लागते, म्हणून कागदावर तरी ती सर्वांत योग्य, पण तिचा रंग नीट यायला नाकी नऊ येतात. मोजण्याच्या भांडणावर एक तोडगा होता चॉकली आयपीसचा: डोळा लावायच्या भिंगात पंचवीस ठिपके असतात, ते फिरवून जास्तीत जास्त ठिपके वाहिन्यांवर पडतील असं करायचं आणि तेवढेच मोजायचे. मला तो आवडायचा. माणसाच्या मनाला त्यात कमी वाव.

टाकेवाला

सर्जन आहे, पोटाचा. दोन गोष्टी.

पहिली, धागाकर्त्यानं ज्यावरून सुरुवात केली ती. वाहिन्या फुटणं वेगळं, वाहिनीत शिरणं वेगळं. फुटणं म्हणजे गाठीनं स्वतःकडे पाणी वळवून घेतलं. शिरणं म्हणजे गाठीच्या पेशी शिरेत उतरल्या. मोठ्या आतड्याचं रक्त पोर्टल शिरेतून थेट यकृतात जातं, म्हणून शिरेत उतरलेल्या पेशींचा पहिला मुक्काम बहुधा यकृत. गुदाशयाच्या खालच्या भागाचं रक्त यकृत टाळून जाऊ शकतं, म्हणून तिथल्या गाठी कधी कधी आधी फुप्फुसात दिसतात. आतड्याच्या स्नायूच्या थराबाहेरच्या शिरेत शिरकाव असेल तर त्याला ईएमव्हीआय म्हणतात, आणि भाकितासाठी तो माझ्या दृष्टीनं एमव्हीडीपेक्षा कितीतरी वजनदार. गुदाशयात तर एमआरआयवर ऑपरेशनच्या आधीही दिसतो.

दुसरी, बेव्हॅसिझुमॅब. व्हीईजीएफला पकडून ठेवणारी ही अँटिबॉडी. २००४च्या चाचणीत पसरलेल्या रोगाच्या ८१३ रुग्णांवर तपासली. नुसत्या केमोवर मधलं आयुर्मान १५.६ महिने, बेव्हॅसिझुमॅबसकट २०.३. त्याच वर्षी अमेरिकेत मान्यता. फोकमनना ते बघायला मिळालं, २००८मध्ये ते गेले.

आडवाट

थांबा. म्हणजे ज्याच्या गाठीत वाहिन्या जास्त त्याला हे औषध जास्त लागू पडणार. मग मोजणं उपयोगी झालं की नाही?

टाकेवाला

@आडवाट, आम्हा सगळ्यांना अगदी हेच वाटलं होतं. संख्याप्रेमी, तू सांग, मी ओटीत चाललोय.

संख्याप्रेमी

त्याच चाचणीतल्या रुग्णांच्या गाठींचे जुने ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) काढून व्हीईजीएफ आणि वाहिन्यांची दाटी दोन्ही मोजलं गेलं, २००६मध्ये छापून आलं. दाटी जास्त असो वा कमी, व्हीईजीएफ जास्त असो वा कमी, औषधाचा फायदा साधारण सारखाच. म्हणजे मोजून रुग्ण निवडता येईना.

इथे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. 'हा आजार काय वळण घेईल' हा एक, आणि 'हे औषध याला चालेल का' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देणारी खूण दुसऱ्याचं उत्तर देईलच असं नाही. केआरएएस जनुकातला बिघाड हे दुसऱ्या जातीचं चांगलं उदाहरण: तो असेल तर ईजीएफआरविरोधी (पेशीला वाढीचा इशारा देणारं ईजीएफआर हे प्रथिन अडवणारी) औषधं चालत नाहीत, म्हणून ती देण्याआधी तो तपासतात. बेव्हॅसिझुमॅबसाठी अशी रोजच्या कामात वापरायची खूण अजून हाती लागलेली नाही.

मुक्ता_ल

नमस्कार. आजवर नुसती वाचत आले, आज लिहावंसं वाटलं. आईचं उजव्या बाजूच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. स्टेज दोन. केमो द्यायची की नाही यावर पुढच्या आठवड्यात बोलणं आहे. माझा प्रश्न बाळबोध असेल. ऑपरेशननंतर उरलेसुरले कण वाढू नयेत म्हणून हे वाहिन्या अडवणारं औषध आत्ताच का देत नाहीत? एक-दोन मिलिमीटरवर गाठ अडते असं वर लिहिलंय, मग हीच तर वेळ.

जुना_स्लाइडवाला

मुक्ताताई, प्रश्न बाळबोध मुळीच नाही. याच तर्कावर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, एनएसएबीपी सी-०८ आणि अवांत. निकाल २०११ आणि २०१२च्या सुमारास आले. ऑपरेशननंतरच्या केमोला बेव्हॅसिझुमॅब जोडून रोग परतणं कमी झालं नाही. अवांतमध्ये तर काटा उलट्या बाजूला झुकला होता. म्हणून ते अशा वेळी देत नाहीत.

का झालं असं? एक तर्क असा की लपलेले कण इतके सूक्ष्म असतात की त्यांना नव्या वाहिन्यांची गरजच नसते. अडवायला काही चालू असावं लागतं ना!

दुसरं कारण जास्त रंजक आहे, ते यकृतातल्या मेटास्टॅसिसमध्ये दिसलं. काही गाठी यकृताला बाजूला सारत, भोवती तंतुमय कुंपण घालून वाढतात आणि स्वतःच्या वाहिन्या फोडतात. काही मात्र यकृताच्या पेशी एकेक करून हटवून त्यांच्या जागी बसतात आणि यकृताच्या आयत्या केशवाहिन्याच वापरतात. भिंती पाडायच्या नाहीत, नळ तोडायचे नाहीत, नुसता भाडेकरू हुसकून आत राहायला जायचं. मायक्रोस्कोपखाली सीमा शोधायला गेलं तर सापडत नाही, यकृताच्या पेशींच्या ओळी सरळ कॅन्सरच्या ओळींमध्ये मिसळलेल्या असतात. २०१६मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की अशा गाठींवर बेव्हॅसिझुमॅब चालत नाही. बरोबरच आहे, फुटवेच नाहीत तर छाटणार काय? आणि कुंपणवाल्या गाठींच्या रुग्णांचं भाकीत या 'आयत्या'वाल्यांपेक्षा बरं असतं. म्हणजे स्वतःच्या वाहिन्या काढणारी गाठ इथे कमी वाईट निघाली! एमव्हीडीच्या सरळ हिशोबाला इथेच तडा जातो, असं मला वाटतं.

रानपाखरू

बापरे. भाडेकरूची उपमा डोक्यात राहणार.

कुतूहल

एक शंका. वाहिन्या अडवल्या तर केमो तरी गाठीत कशी पोचणार? मग दोन्ही एकत्र का देतात?

जुना_स्लाइडवाला

@कुतूहल, याच प्रश्नावर राकेश जैन यांनी २००१मध्ये एक कल्पना मांडली. गाठीतल्या वाहिन्या धड नसतात: वेड्यावाकड्या, काही आंधळ्या गल्लीत संपणाऱ्या, भिंतीला टेकू देणाऱ्या पेशी कमी, त्यामुळे गळक्या. गळून गळून आतला दाब वाढतो आणि औषध आत शिरत नाही. व्हीईजीएफ थोडं दाबलं की फालतू फुटवे झडतात, उरलेल्या वाहिन्या सावरतात, गळती कमी होते आणि काही काळ औषध उलट बरं पोचतं. २००४मध्ये गुदाशयाच्या कर्करोगाच्या सहा रुग्णांत बेव्हॅसिझुमॅबचा एकच डोस देऊन बारा दिवसांनी बघितलं तर वाहिन्यांची दाटी घटली होती, रक्तप्रवाह घटला होता आणि गाठीतला दाबही. रुग्ण सहाच, पण मोजमाप माणसात, आणि याच आजारात.

यावरून हेही लक्षात घ्या की वाहिन्यांची संख्या आणि त्यांचं काम या वेगळ्या गोष्टी आहेत. मी प्रबंधात मोजलेल्या ठिपक्यांपैकी किती ठिपक्यांतून खरोखर रक्त वाहत होतं, ते ती स्लाइड सांगत नव्हती. बऱ्याच गाठींत वाहिन्यांची दाटी शेजारच्या निरोगी ऊतीपेक्षा कमीच असते. गाठीची पेशी काटकसरीत जगायला शिकलेली असते.

आडवाट

अवांतर: शार्कच्या कूर्चेच्या कॅप्सूल मिळतात, त्या वाहिन्या अडवतात म्हणे. शार्कला कॅन्सर होत नाही वगैरे. ओळखीत एकांनी सुरू केल्यात.

टाकेवाला

शार्कला कॅन्सर होतो, गाठी सापडलेल्या आहेत. कूर्चेत वाहिन्या नसतात, त्यामुळे तिच्यात वाहिन्या रोखणारं काही असावं ही कल्पना मात्र पोकळ नव्हती, १९७०च्या दशकात फोकमन यांच्याच प्रयोगशाळेत त्यावर काम झालं. पण तिथून तोंडानं घ्यायच्या कॅप्सूलपर्यंतची उडी निव्वळ विक्रेत्यांची. कूर्चेच्या अर्काची फुप्फुसाच्या कर्करोगात मोठी चाचणी झाली, आयुष्य वाढलं नाही. ओळखीतल्यांना त्यांच्या डॉक्टरांना हे घेतोय म्हणून सांगायला लावा, लपवू नका म्हणावं.

आणि खरं वाहिनीविरोधी औषध म्हणजेही गंमत नाही. रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिन जातं, आणि जखमा भरत नाहीत. जखम भरायला नवे फुटवे लागतात ना! बेव्हॅसिझुमॅब चालू असेल तर मोठ्या ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान २८ दिवसांचं अंतर ठेवतो. क्वचित आतड्याला भोक पडतं, ते बघितल्यावर विसरत नाही.

मुक्ता_ल

सगळं दोनदा वाचलं. आईचा रिपोर्ट परत काढला. त्यात लिहिलंय: नोड १९ तपासले, सगळे स्वच्छ. लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन: आढळलं नाही. मज्जातंतूंत शिरकाव: नाही. ईएमव्हीआय असा शब्द कुठेच नाही. नाही म्हणजे नाही असं समजायचं का?

जुना_स्लाइडवाला

मुक्ताताई, १९ नोड आणि सगळे स्वच्छ, ही चांगली बातमी आहे, ती आधी ऐका.

ईएमव्हीआयचा उल्लेख नसणं आणि ईएमव्हीआय नसणं या दोन गोष्टी आहेत. नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगात तो चुकू शकतो, कारण गाठ शिरेत भरली की शिरेची भिंत ओळखूच येत नाही, नुसता चरबीत एक गोल पुंजका दिसतो. अशा वेळी आम्ही एक खूण शोधतो: एकटी धमनी. धमनी आणि शीर बहुतेक जोडीनं चालतात. धमनी दिसतेय, शेजारी शीर नाही, आणि शिरेच्या जागी गाठीचा गोल पुंजका आहे, तर तो पुंजका म्हणजेच शीर असण्याची शंका घ्यायची. मग इलॅस्टिकचा रंग लावला की पुंजक्याभोवती शिरेच्या भिंतीच्या काळ्या तंतूंचं कडं उमटतं. ते कडं पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी सरांना हाक मारून आणलं होतं.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. केमोबद्दल बोलायला जाल तेव्हा ऑन्कॉलॉजिस्टना तीन गोष्टी विचारा: ईएमव्हीआय बघितलं होतं का, इलॅस्टिक केलं होतं का, आणि एमएसआयचा रिपोर्ट काय आला. लॅबकडे ब्लॉक जपून ठेवलेले असतात, त्यामुळे आत्ताही रंग लावता येतो, नव्यानं काही काढावं लागत नाही. एमव्हीडी करून द्या असं मात्र म्हणू नका.

संख्याप्रेमी

+१. आणि आकडे सांगितले तर 'किती टक्के' एवढ्यावर थांबू नका. केमो न घेता किती आणि घेऊन किती, दोन्ही मागा. निर्णय त्या दोहोंतल्या फरकावर घ्यायचा असतो.

मुक्ता_ल

लॅबला फोन केला. इलॅस्टिक केलेलं नव्हतं. दोन ब्लॉकवर करतो म्हणाले, तीन दिवस लागतील. एमएसआय आलेलाच नाहीये, तो आम्ही कोणी विचारलाच नव्हता. आईला अजून काही सांगितलं नाही, ती विचारतेय की फोनवर एवढं काय बोलत होतीस.

टाकेवाला

सांगा त्यांना. रिपोर्ट त्यांचाच आहे. आणि ऑन्कॉलॉजिस्टची वेळ तीन दिवसांच्या आत असेल तर पुढे ढकलून घ्या, दोन-चार दिवसांनी काही बिघडत नाही.

मुक्ता_ल

शुक्रवारची होती, मंगळवारची करून घेतली. आईला सांगितलं. तिनं विचारलं, "एकटी धमनी म्हणजे काय गं?"